प्रगतीचे स्लिपबॉय

काष्टीत तात्यांना गाठायचं तर घरी जाऊ नये. गावात जिथे कुठे नारळ फुटणार असेल तिथे जावं. तात्या पुढाऱ्याच्या आधी पोहोचलेले असतात. पांढरा लेंगा, इस्त्रीची टोपी, खिशाला दोन पेनं आणि काखेत लाल कापडी पाठीचं बाउंड रजिस्टर. पाहुणे उशिरा येतात, भाषणं लांबतात, पेढे वाटले जातात. तात्या पेढा डाव्या हातात घेतात, कारण उजवा हात लिहीत असतो : 'आज रोजी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी गावाची प्रगती झाली.'

असा इसम दर मोठ्या गावात एक असतोच. कुणी गौरवग्रंथाचा संपादक असतो, कुणी शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करतो, कुणी नुसताच फ्लेक्सवरची 'विकासपुरुष' आणि 'कार्यसम्राट' ही बिरुदं शुद्धलेखनासाठी तपासून देतो. आमचा नमुना जरा ठसठशीत निघाला, एवढंच.

तात्या नोकरीला साखर कारखान्यात स्लिपबॉय होते. डोक्यावर एक काळा केस उरला नाही तरी निवृत्तीच्या दिवसापर्यंत 'बॉय'च. काम उसाच्या फडावर. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, गाडीवान कोण, सगळं लिहून स्लिप फाडायची. गाडी काट्यावर जाते, भरलेली मोजतात, गव्हाणीत रिकामी झाली की पुन्हा मोजतात. मधला फरक तो ऊस. तात्यांचा ऊस सुटला, काटा सुटला नाही. गाव पूर्वी रिकामं किती होतं, आता भरलेलं किती, आणि मधला फरक ती प्रगती, असा त्यांचा रोखठोक हिशोब आहे. रिकाम्या वजनाचा आकडा कुणी घेऊन ठेवलेला नाही, ही अडचण ते मोठ्या मनाने दुर्लक्षितात.

रजिस्टरात नोंद फक्त 'पहिल्या'ची. पहिली पिठाची गिरणी, पहिलं डिझेल इंजिन, पहिला टीव्ही, पहिला एसटीडी बूथ, गावातली पहिली डॉक्टरीण. पहिल्या ट्रॅक्टरच्या पानावर खाडाखोड फार. तिथे तीन घरांचा दावा आहे आणि तिन्ही घरं लग्नाला बोलावणारी आहेत. पहिल्या बोअरला पाणी लागलं तेव्हा तात्यांनी मजकूर सजवून अर्धं पान भरलं. तो बोअर आटला त्याची ओळ नाही. आटण्यात प्रगती कसली? पुढे नव्या बोअरला आणखी खोल जावं लागलं, ते मात्र 'खोलीत प्रगती' म्हणून आलं.

भूमिपूजनाला वेगळा रकाना आहे, काम पूर्ण झाल्याला नाही. एका शिवरस्त्याचं भूमिपूजन वेगवेगळ्या हातांनी पाच वेळा झालं. रस्ता अजून बैलगाडीच्या चाकोरीएवढाच आहे, पण तात्यांच्या हिशोबी तिथे पाच प्रगत्या आहेत. मी एकदा म्हणालो, "तात्या, रस्ता कुठंय?"

"रस्ता होतच असतो रे. नारळ फुटला ती वेळ पुन्हा येती का?"

त्यांचं खरं दुखणं मात्र वेगळं. आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच नगर जिल्ह्यात निघाला, पण लोणीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचं बॉयलर पेटलं ते 1950 च्या सुमारास. पुढे आदर्श गाव म्हटलं की राळेगणसिद्धी, पाण्याचा ताळेबंद म्हटला की हिवरे बाजार. तेही याच जिल्ह्यात. तात्या बसस्टँडवर चहा पिताना सुस्कारा टाकतात, "सगळे पहिले आपल्याला वळसा घालून गेले."

त्यामुळे त्यांनी मोर्चा रेल्वेकडे वळवला. निमित्त एका पुस्तकाचं. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 साली 'मुंबईचे वर्णन' लिहिलं. शहराची भरभराट कौतुकाने टिपून ठेवणारं मराठीतलं हे फार जुनं पुस्तक तात्यांना कुणा प्राध्यापकाने दाखवलं, आणि तात्यांना आपले गुरू सापडले. 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी त्यांना तोंडपाठ आहे : तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. मग ते आवाज चढवून विचारतात, "आणि दौंड-मनमाड लाइन 1878 साली सुरू झाली, काष्टीवरून पहिली गाडी गेली, तेव्हा तोफा कुठं होत्या?" तोफा कुठून असणार? नुकताच दोन वर्षं दुष्काळ पडलेला, माणसं खडी फोडायच्या कामावर. पण तात्यांनी नोंद केलीच, आणि पहिली गाडी पाहणारा पहिला काष्टीकर म्हणून स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव घातलं. पुरावा? "त्यांची मेंढरं तिकडंच चरायची."

हसण्यासारखं आहे, पण प्रगती मोजणाऱ्यांचं घराणं मोठं आहे. फ्रान्समध्ये कोंदोर्से नावाच्या विद्वानाने 1793-94 च्या सुमारास, अटकेचं फर्मान डोक्यावर असताना, एका बाईच्या घरात लपून मानवजातीच्या प्रगतीचा आराखडा लिहिला. नऊ टप्पे होऊन गेलेले, दहावा यायचा, आणि त्या दहाव्यात सगळं चांगलंच होणार. लगेच पुढे तो पकडला गेला आणि कोठडीत मेला. तात्यांनीही रजिस्टराची शेवटची दहा पानं 'भावी प्रगती' म्हणून कोरी ठेवली आहेत. तिथे कुणी फोन नंबर लिहिला तर चिडतात.

एका नोंदीने मात्र त्यांना अनेक रात्री झोप लागू दिली नाही. मे 1875 मध्ये शेजारच्या भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकून जाळली. ते लोण श्रीगोंदं, पारनेर, कर्जत, नगर अशा तालुक्यांत पसरलं. सरकार हललं, चौकशी बसली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. म्हणजे या मुलखातली मोठी प्रगती घडली ती कागद जाळून! आयुष्यभर स्लिपा जपलेल्या माणसाने हे कुठल्या रकान्यात लिहावं? मारामारी म्हणावं तर कायदा झाला. प्रगती म्हणावं तर दप्तराची होळी. शेवटी तात्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं, म्हणजे गरज पडली तर खोडता यावं.

बैलाच्या बाबतीत ते इतके सावध नव्हते. शिवारात ट्रॅक्टर वाढले, मोटा मोडल्या, गाड्यांना रबरी टायर आले, तेव्हाच त्यांनी लाल शाईने लिहून टाकलं : 'बैलयुग समाप्त.' खाली सही. आणि हे लिहिलं कुठे, तर काष्टीत! जिथे दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो, टेम्पो उतरतात, शिंगं तासलेली खिल्लारं ओळीने बांधतात, आणि दुरून आलेला गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात पाहतो, मग मालकाला रामराम घालतो. बैलाला ती नोंद कुणी वाचून दाखवली नव्हती. 2014 साली सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा तात्यांना वाटलं, आपली सही कोर्टाने मान्य केली. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं, आणि पळणाऱ्या गोऱ्ह्याचे भाव लाखांत बोलले जाऊ लागले. मध्ये 2022 साली लंपीच्या साथीने राज्यभरातले जनावरांचे बाजार बंद पडले, तेवढ्यापुरतं लाल शाईला पुन्हा तेज आलं; मग बाजार उघडले.

तेव्हा एका शनिवारी तात्या रजिस्टर घेऊन स्वतः बाजारात उतरले. निदान सर्वांत मोठा भाव तरी 'पहिला' म्हणून नोंदवावा. एका दावणीपाशी दोनदाती जोडीचा सौदा चालला होता. हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक समोरासमोर, दोघांचे हात एकाच उपरण्याखाली, चेहरे देवळातल्यासारखे. बोटं दाबली जात होती, तोंडातून फक्त "हं" आणि "नाय". भोवती माणसं उभी होती आणि कुणाला काही कळत नव्हतं. उपरणं त्यासाठीच असतं.

"किती झाले? मला नोंद करायचीय," तात्या म्हणाले.

हेडी वयाने मोठा होता. त्याने तात्यांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "लिवायचा भाव नसतो हा. हात द्या."

तात्यांनी हात दिला. उपरण्याखाली त्यांची दोन बोटं दाबली गेली. तात्यांना वाटलं, हा भाव सांगतोय. कळला हे दाखवायला त्यांनीही उलट दाबली, जरा जोरातच. हेडीने दुसऱ्या हाताने टाळी दिली. भोवतीची माणसं "झालं, झालं" म्हणाली. कुणीतरी गुलाल आणला. तात्यांच्या काखेतलं रजिस्टर काढून एकाने त्यांच्या हातात कासरा दिला, आणि शेजारी उभा असलेला कोसा खिल्लार त्यांची टोपी हुंगू लागला.

पुढचा अर्धा तास तात्यांच्या जन्मात कुणी ऐकली नव्हती एवढ्या विनवणीत गेला. बाजारात दाबलेलं बोट परत घेता येत नाही. इसार बुडवायला खिशात पेनांशिवाय काही नव्हतं. अखेर हेडीने तोड काढली : सौदा मोडतो, पण माझ्या बापाने काष्टीच्या बाजारात ट्रकमधून बैल पहिल्यांदा आणले, हे लिवा. तात्यांनी पुरावा न मागता लिहिलं. निळ्या शाईने, वेळेसकट.

पुढच्या शनिवारी सकाळी तात्यांच्या ओट्यावर आणखी तीन हेडी बसले होते. तिघांचंही म्हणणं, ट्रक पहिला आमच्याच बापाचा. त्यातल्या तिसऱ्याकडे साक्षीदारसुद्धा होता. ट्रक निघाला सगळ्यांच्या आधी, हे तो शपथेवर सांगत होता. फक्त गावाच्या अलीकडे ओढ्यात फसला, तेव्हा बैल खाली उतरवून, त्यांनाच जुंपून, तो ओढत बाजारात आणला. तात्या टोपी काढून विचारत होते की बैलांनी ट्रक आणला असं लिहायचं की ट्रकने बैल.