स्मरणचित्राचे पाठांतर

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षांचे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट असे दोन टप्पे असून, स्थूलमानाने स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे त्यांचे विषय होत. यांपैकी तीन विषयांची शिक्षकाने फारशी काळजी करू नये. स्थिरचित्रात माठ, दोन वांगी आणि मागचा पडदा समोर मांडलेला असतो; संकल्पचित्रात, म्हणजे ठरावीक आकारात भरावयाच्या नक्षीत, अर्धी बाजू काढून ती ट्रेसिंगने उलटवता येते; आणि भूमितीत टोक केलेली पेन्सिल व न डगमगणारा कंपास एवढ्यावर निभाव लागतो. खरा धोका स्मरणचित्रात आहे. बसथांबा, आठवडी बाजार, पावसातील रस्ता अशा एखाद्या प्रसंगाचे, समोर काहीही नसताना, केवळ आठवणीतून काढावयाचे चित्र म्हणजे स्मरणचित्र, अशी त्याची व्याख्या आहे. आणि विद्यार्थ्याने तो प्रसंग कधीतरी नीट पाहिलेला असावा, ही एक अवघड अट त्या व्याख्येतच दडलेली आहे. ही अट शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. ती वगळून ‘अ’ श्रेणी कशी मिळवून द्यावी, याची सुस्थापित पद्धत उपलब्ध आहे आणि तिचे विवेचन येथे योजले आहे.

पाहण्याची अट कोठून आली, हे प्रथम समजून घेणे इष्ट ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्रां नावाच्या शिक्षकाने स्मरणशक्तीच्या शिक्षणाची एक पद्धत बसवली होती. तीत शिष्याने वस्तू दीर्घकाळ निरखावयाची, मग तिच्याकडे पाठ फिरवून ती काढावयाची असा क्रम असे. पुढे तर मोकळ्या जागेत चालणारी-बसणारी माणसे पाहून ती नंतर आठवणीने रेखाटण्यापर्यंत मजल गेली. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फांतँ-लातूर (या नावाचा मराठवाड्याशी संबंध नाही) हे त्याचेच विद्यार्थी. परंतु या पद्धतीत वेळ भयंकर जातो, आणि त्यातून निघणारा प्रत्येक विद्यार्थी वेगळे चित्र काढतो, हा तिचा दुसरा, अधिक गंभीर दोष. मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली, त्या काळी साम्राज्यात मान होता तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमाला. कारागिराचा हात सुधारावा, म्हणजे माल सुधारेल, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे सपाट नमुन्यावरून बिनचूक नक्कल करण्याला तेथे मोठे स्थान होते. नक्कल हा शब्द आज हलका वाटला, तरी अजिंठ्याच्या भिंतिचित्रांच्या ज्या प्रतिकृती मुंबईच्या याच कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ नंतरच्या वर्षांत केल्या, त्याही नकलाच होत्या. फरक इतकाच, की त्या मुलांना लेण्यांत नेऊन मूळ चित्रासमोर बसवण्यात आले होते. शालेय पातळीवर हा प्रवासखर्च परवडणारा नाही.

पूर्वतयारी परीक्षेच्या वर्षी सुरू करून भागत नाही. ती पहिल्या-दुसऱ्या इयत्तेपासून करावी लागते. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात सुमारे सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या चित्रांची जी लक्षणे नोंदवली, ती शिक्षकाने रोगलक्षणे म्हणून वाचावीत. या वयाचे मूल कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ ओढून सारे जग तिच्यावर उभे करते. हिला आधाररेषा म्हणतात. ते घराची भिंत आणि आतली चूल एकाच वेळी दाखवते. याला क्ष-किरणचित्र म्हणतात. आणि आपल्याला जे महत्त्वाचे, ते मोठे काढते, त्यामुळे आई घराच्या दारापेक्षा उंच होते आणि आंबा तोडणारा हात झाडाच्या बुंध्याहून लांब होतो. लोवेनफेल्ड यांना यात विचार दिसला. परीक्षकाला प्रमाणदोष दिसेल. तेव्हा ‘आई दारातून आत कशी जाणार?’ हा प्रश्न वर्गासमोर, मोठ्याने आणि हसत विचारावा. बहुतेक मुलांच्या बाबतीत तो एकदाच विचारावा लागतो.

अशा रीतीने मुलाच्या मनात रिकाम्या झालेल्या जागेत निसर्गचित्र बसवावे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, खाली रुंद होत येणारी नदी, काठावर नारळ, झोपडी आणि आकाशात आडव्या पाडलेल्या तिनाच्या आकड्यासारखे पक्षी, असा हा संच सर्वपरिचित आहे. वास्तविक सह्याद्री आणि दख्खनचे पठार लाव्हारसाच्या आडव्या थरांनी बनलेले असल्यामुळे येथील डोंगर माथ्याला बहुधा सपाट आणि अंगाला पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. नाशिक किंवा साताऱ्याकडच्या मुलाला ते वर्गाच्या खिडकीतूनच दिसण्याचा संभव असतो. म्हणून चित्रकलेच्या तासाला खिडकीकडे पाठ येईल अशी बाके मांडावीत. लातुरातील मुलाच्या चित्रात नारळ आणि होडी येऊ लागली, की हा टप्पा पूर्ण झाला असे समजावे. कोकणातल्या मुलांबाबत थोडी अडचण राहते, कारण त्यांनी नारळ पाहिलेला असतो आणि तो नेहमी सरळ नसतो, हे त्यांना ठाऊक असते.

आता मुख्य विधी. स्मरणचित्रात मानवाकृती लागतात आणि मानवाकृतीत चेहरा, हात व पाय हे तीन कठीण भाग असतात. त्यांना टाळणाऱ्या आकृत्या निवडून त्या मुलांकडून वर्षभर घोटून घेणे, हे या पद्धतीचे मर्म आहे. एका नमुन्याच्या कागदावर काढून दिलेल्या तीन आकृत्या पुरतात. पहिली, पाठमोरा उभा मुलगा: त्याला चेहरा नाही, हात खिशात आहेत. दुसरी, टोपली पुढ्यात घेऊन बसलेली बाई: पाय टोपलीमागे जातात, पदर कपाळावर ओढल्याने चेहऱ्याचे काम निम्म्यावर येते. तिसरी, छत्री घेतलेला, धोतर-टोपीतला एका बाजूने दिसणारा गृहस्थ: त्याची छत्री कागदाचा कोपरा भरून काढते आणि रचनेचा प्रश्न परस्पर सोडवते. मोठी आकृती पुढे, मध्यम मधे आणि लहान मागे ठेवली, की खोलीचा, म्हणजे सपाट कागदावर अंतराचा भास निर्माण करण्याचा, प्रश्नही मिटतो.

या तिघांचे सामर्थ्य विषय बदलल्यावर कळते. ‘पावसातील दृश्य’ आले, तर छत्री उघडी ठेवावी आणि चित्रभर तिरप्या रेघा माराव्यात. ‘बसथांबा’ आला, तर छत्री मिटवून गृहस्थामागे एक खांब रोवावा. ‘आठवडी बाजार’ आला, तर टोपलीत टोमॅटो, ‘जत्रा’ आली तर त्याच गोळ्यांना दोरे लावून फुगे, आणि ‘फुलवाली’ आली तर तेच गोळे पिवळे. ‘दहीहंडी’ला पाठमोऱ्या मुलाचे हात खिशातून काढून वर करावे लागतात, ही एकमेव शस्त्रक्रिया आधीपासून सरावात ठेवावी. ‘रेल्वे स्थानकावरील हमाल’ हा विषय आल्यास टोपली गृहस्थाच्या डोक्यावर जाते आणि बसलेली बाई प्रवासी होते. त्वचेच्या रंगासाठी यलो ऑकर, पांढरा आणि किंचित तांबडा यांचे मिश्रण शिक्षकानेच एका डबीत तयार करून ठेवावे, म्हणजे बाजारातील सर्व माणसे एकाच कुटुंबातली दिसतील. आणि पोस्टर कलर वाळल्यावर सर्वांना काळी बाह्यरेषा द्यावी, जेणेकरून कोण कोठे संपतो याबद्दल वाद राहणार नाही.

एका प्रकारच्या विद्यार्थ्याबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. ज्याची आई खरोखरच बाजारात भाजी विकते, असे मूल वर्गात असू शकते. भाजीवाली टोपलीमागे पाय लपवून बसत नाही, एक गुडघा उभा ठेवून बसते. तराजू धरलेल्या हाताचे कोपर त्या गुडघ्यावर टेकते. सुट्टे पैसे गोणपाटाच्या घडीखाली असतात. आणि पाऊस आला की प्लॅस्टिकचा कागद आधी मेथीवर जातो, मग पोराच्या डोक्यावर, आणि उरला तर तिच्या, हे सारे त्याला माहीत असते. असे मूल सरावाच्या आकृत्या विसरून हेच काढू लागते. त्यात गुडघा फार मोठा होतो, मेथी बाईहून हिरवीगार आणि ठळक होते, आणि छत्रीवाल्या गृहस्थाला जागाच उरत नाही. शिक्षकाने रागावू नये. ‘छान आहे, पण परीक्षेत असे चालत नाही’ एवढेच सांगून नमुन्याचा कागद पुढे करावा; मूल समजूतदार असल्यास पुरते.

संस्थात्मक आधाराची उणीव भासणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे, आणि तो अंशकालीन असावा असेही तेथेच म्हटले आहे. उरलेला अंश फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा आणि प्रमाणपत्रांवर सुवाच्य नावे घालणे यांत सत्कारणी लागतो. चित्रकलेचा तास गणिताला देण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. शिवाय इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीत ‘अ’ला ७, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३ असे वाढीव गुण मिळत असल्याने, चित्र कशासाठी काढावे या जुन्या सौंदर्यशास्त्रीय प्रश्नाचे उत्तर पालकांच्या सभेत आकड्यात देता येते. शांतिनिकेतनात शिकलेल्या देवी प्रसाद यांनी सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवली आणि पुढे कला हाच शिक्षणाचा पाया असल्याचे पुस्तकभर मांडले, हे खरे. परंतु सेवाग्रामला वाढीव गुणांची सोय नव्हती.

राहता राहिला नमुन्याचा कागद. तो दरवर्षी नव्या तुकडीसाठी झेरॉक्स करून घ्यावा आणि मूळ प्रत सापडत नसल्यास मागील वर्षीच्या झेरॉक्सवरून करावा. अशा आवृत्त्यांमुळे गृहस्थाच्या छत्रीची मूठ हळूहळू पुसट होत गेली असून काही शाळांत ती छत्रीपासून सुटून एक स्वतंत्र आकडी म्हणून हवेत उरली आहे. ते काय आहे, असे एखाद्या मुलाने विचारल्यास शिक्षकाने अनुमान करण्याच्या भरीस पडू नये. आकडी होती तेथेच काढवून घ्यावी. मागच्या वर्षी तिच्यासकट ‘अ’ श्रेणी मिळालेली आहे.