शून्य थेंब, शंभर टक्के दरवळ

आमच्या गावाला आताशा घड्याळ लागत नाही. पहाटे वारा पडला आणि नासक्या अंड्यांचा वास घरात शिरला, की समजायचं पाच वाजले. याला प्रदूषण म्हणणारे करंटे. शेजारच्या साखर कारखान्याची डिस्टिलरी देशासाठी इथेनॉल गाळते, त्याची ही रोजची पोच आहे.

2018 च्या जैवइंधन धोरणानं पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायला 2030 चा मुहूर्त काढला होता. घाई झाली, तो पाच वर्षं अलीकडं ओढला. मळीपासून एक लिटर अल्कोहोल निघालं की मागं 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश उरतो. लिटरभर देशाला, बाकी सगळं आम्हाला. वाटणीत एवढं झुकतं माप आजवर भावकीनंही दिलं नव्हतं!

स्पेंट वॉशचं हे काळपट पाणी पूर्वी ओढ्याला जायचं. मासे मरायचे, पेपरात फोटो यायचा. मग ‘शून्य द्रव विसर्ग’ आला. थेंबही कुंपणाबाहेर जाता कामा नये. जात नाही! तळ्यात साठतो, तिथं जिवाणू त्याचा मिथेन करतात, हायड्रोजन सल्फाइड करतात. वायूला कोण द्रव म्हणेल?

मिथेन बंद टाकीत धरला तर बॉयलरला जळण होतो. उघड्या तळ्यातून सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त तापवतो. शहरातल्या गाडीनं वाचवलेला कार्बन आम्ही असा व्याजासकट फेडतो. कर्ज एकाचं, हप्ते दुसऱ्याचे, हे शेतकऱ्याला नवं नाही.

तक्रार केली. साहेब भर दुपारी आले, तेव्हा वारा पलीकडच्या गावाकडं होता. पंचनाम्यात लिहिलं, ‘वास आढळून आला नाही.’ पहाटे या म्हटलं, तर म्हणाले, “कार्यालय दहाला उघडतं.” वासानंही कार्यालयीन वेळ पाळायला हवी, चूक त्याचीच.

शेवटी कारखान्याच्या वार्षिक सभेत एकानं विषय काढलाच. ऊस आमचा, शेअर आमचे, मग विचारायचं कुणाला? अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “उसाचं बिल हवं, की हवा हवी?”

बिलासाठी सगळ्यांनी हात वर केला. एकच. दुसरा नाकावर होता.