शाळेपासून सुरक्षित अंतर

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत गटशिक्षणाधिकारी पदाचा अभ्यासक्रम सापडतो, वेतनश्रेणी सापडते, मागच्या प्रश्नपत्रिकाही सापडतात. पद हाती आल्यावर पुढची पंचवीस-तीस वर्षं नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी लिहीत नाही. नवा अधिकारी बिचारा बालमानसशास्त्र, गिजुभाई आणि कोठारी आयोग पाठ करून रुजू होतो आणि पहिल्याच सोमवारी त्याच्यापुढे तालुक्यातल्या शौचालयांचा तक्ता येतो. तो गोंधळतो. गोंधळू नये म्हणून हे मार्गदर्शन. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात ज्यांना वर चढायचं आहे, आणि चढल्यावर टिकायचं आहे, त्यांनी एकच तत्त्व ध्यानात धरावं: या खात्यात बढती म्हणजे मुलापासून एक पायरी दूर जाणं, आणि हे अंतर जो बिनबोभाट राखतो त्याचं भलं होतं. पुढचं सगळं या एका वाक्याचं भाष्य आहे.

आधी शिडी नीट पाहून घ्यावी. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या पदरात आल्या. कारभार गावाच्या जवळ यावा, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. शिडी मात्र उंच झाली. शिक्षकासमोर मूल असतं. मुख्याध्यापकासमोर मूल आणि हजेरीपट असतो. केंद्रप्रमुखासमोर दहा-पंधरा शाळांचे हजेरीपट, विस्तार अधिकाऱ्यासमोर बीटमधल्या केंद्रांचे गोषवारे, गटशिक्षणाधिकाऱ्यासमोर तालुक्याचा गोषवारा आणि शिक्षणाधिकाऱ्यासमोर गोषवाऱ्यांचा गोषवारा. त्याच्याही वर विभागीय उपसंचालक, पुण्यात संचालक आणि आयुक्त, मुंबईत मंत्रालय. तिथे पोचेपर्यंत मुलाची टक्केवारी झालेली असते. बढतीनं चढणाऱ्याला निदान वर्गाची आठवण तरी सोडून यावी लागते. लोकसेवा आयोगामार्फत सरळसेवेनं आलेल्याला तेवढेही कष्ट नाहीत. घाई मात्र करू नये. २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांच्या २,३८४ पदांसाठी शिक्षकांमधून परीक्षा घेण्याची जाहिरात निघाली आणि परीक्षा पुढे ढकलली गेली. शिडीची पहिली पायरी बसायलाच वेळ लागतो; धीर हा या सेवेचा अलिखित पहिला पेपर समजावा.

रुजू झाल्यावर शिकायचं पहिलं कौशल्य म्हणजे पत्र पुढे पाठवणं. वरवर पाहता हे शिपायाचं काम वाटतं, तसं नाही. समजा, विधानसभेतल्या एखाद्या प्रश्नासाठी मंत्रालयाला आकडा हवा आहे: खिडक्यांना गज नसलेल्या वर्गखोल्या किती? पत्र पुण्याला येतं, तिथून विभागाला, मग जिल्हा, तालुका, बीट, केंद्र. प्रत्येक टेबलावर त्याला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं एक नवं पत्र जोडलं जातं आणि मुदतीतला एक दिवस कापून घेतला जातो, कारण संकलनाला वेळ हवा. आठ दिवसांची मुदत घेऊन निघालेलं पत्र दोनशिक्षकी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर उतरतं तेव्हा अंगावर ‘आज दुपारी २ पर्यंत’ एवढंच उरलेलं असतं. खाली ठळक अक्षरांत: विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. त्या वेळी शाळेतला एक शिक्षक मतदार यादीच्या कामाला गेलेला असतो आणि दुसरा चार इयत्ता एका खोलीत बसवून दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवत असतो. फळ्यावर ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, इथवर गाडी आलेली. तेवढ्यात मोबाइल वाजतो. तो खडू ठेवतो, खिडक्या मोजतो, रेंजसाठी आवारातल्या कडुनिंबाखाली जातो आणि गुगल शीटमध्ये आपल्या शाळेच्या ओळीत आकडा भरतो. शेजारच्या ओळीत चुकून दुसऱ्या शाळेचा आकडा पुसला जातो, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा फोन येतो. यात कुणीही काही गैर केलेलं नाही. प्रत्येकानं नेमून दिलेलं काम वेळेत केलं. माहिती वर गेली, जबाबदारी खाली आली आणि मधे बसलेल्या सात-आठ टेबलांना दोन्हींचा स्पर्श झाला नाही. ज्याला ही रचना पाहून कीव येते त्यानं अध्यापनातच राहावं. ज्याला तिचं कौतुक वाटतं त्याच्यासाठी पुढची पायरी मोकळी आहे.

पत्र आलं की वाचत बसू नये. वाचलं की शंका येते, शंका आली की वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवावं लागतं आणि मार्गदर्शन मागवणाऱ्याकडे वरिष्ठांचं लक्ष जातं. लक्ष जाणं हे या नोकरीत सहसा शुभ नसतं. माहिती नसेल तर ‘निरंक’ लिहावं. निरंक हा मराठी प्रशासनानं भाषेला दिलेला फार मोलाचा शब्द आहे: त्यात ‘शोधलं, पण सापडलं नाही’ आणि ‘शोधलंच नाही’ या दोन्ही गोष्टी सुखानं नांदतात.

आता मूल म्हणजे काय, हा तात्त्विक प्रश्न. यूडायस प्लस, सरल, पोषण आहाराचं पोर्टल, शिक्षकांसाठी शालार्थ आणि पवित्र, अलीकडे मुलांसाठी अपार क्रमांक: या प्रत्येक ठिकाणी मुलाचा किंवा शिक्षकाचा एक अवतार राहतो. संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्यासाठी, आधार वैध असलेली मुलं मोजण्याचं धोरण आलं आणि मूल ही गोष्ट एकदाची स्पष्ट झाली. शाळेच्या दाखल्यावर ‘श्रुती’ आणि आधारवर वेगळी वेलांटी असेल तर ती मुलगी पहिल्या बाकावर बसून कितीही मोठ्यानं ‘हजर’ म्हणाली तरी पोर्टलला ऐकू जात नाही. चांगल्या अधिकाऱ्यानं अशा वेळी मुलीकडे पाहू नये, वेलांटीकडे पाहावं.

इथे जाणता वाचक हरकत घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. तो म्हणेल, पोर्टलची टिंगल सोपी आहे. पण पोर्टल नव्हती तेव्हा काय दिवे लागले होते? ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली, तेव्हा पटावरची लाखो मुलं जागेवर सापडली नाहीत. त्या नसलेल्या मुलांवर शिक्षकांची पदं मंजूर होती, अनुदान निघत होतं, तांदूळ उचलला जात होता. माहिती पक्की केल्याशिवाय हे थांबणार कसं? हरकत रास्त आहे. पण त्या तीन दिवसांत नेमकं काय घडलं ते पाहावं. ती खोटी मुलं कुठल्याही तक्त्यानं पकडली नाहीत. उलट तक्त्यांमध्ये ती वर्षानुवर्षं सुखात होती: सह्यांनिशी, गोल शिक्क्यांनिशी, केंद्रापासून संचालनालयापर्यंत प्रत्येक बेरजेत. पकडली कशानं, तर माणसं उठून शाळेत गेली आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून. त्या अनुभवातून खात्यानं धडा घेतला तो असा, की रकाने कमी पडले. पूर्वी शाळेत नसलेली मुलं कागदावर होती. आता शाळेत असलेली मुलं कागदावर नाहीत. चूक उलटी झाली, पण अधिकारी दोन्ही वेळा कागदाच्याच बाजूला बसलेला राहिला. करिअरच्या दृष्टीनं हीच जागा सर्वांत सुरक्षित आहे, कारण चुकीची माहिती वर पाठवल्याचा खुलासा मुख्याध्यापकाकडून मागवता येतो. माहिती वेळेत न पाठवल्याचा खुलासा स्वतःला द्यावा लागतो.

शाळाभेटी तरीही कराव्या लागतातच, त्यांचा नमुना ठरलेला आहे. आदल्या दिवशी ग्रुपवर कळेल अशी व्यवस्था करावी. अचानक गेल्यास शाळा जशी असते तशी दिसते, आणि तशी ती पाहिली की काहीतरी करावं लागतं. पोचल्यावर कार्यालयात बसून कीर्दी, पोषण आहाराची नोंदवही, शिक्षकांची हजेरी पाहावी. भात आणि आमटीची चव घ्यावी, फोटो काढावा, त्यावर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश उमटतील असं अ‍ॅप वापरावं. शेरेबहीत लिहावं: ‘परिसर स्वच्छ. उपस्थिती समाधानकारक. विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेकडे अधिक लक्ष देणे आवश्यक.’ हा शेरा राज्यातल्या कुठल्याही शाळेला, कुठल्याही साली लागू पडतो. जुन्या पिढीत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी, यायचा म्हणून शेणसडा व्हायचा. आता फरशी पुसतात. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. डेप्युटीनं वर्षातून एकदा येण्यानं काही साधत नाही; निदान तिमाहीला तपासणी व्हावी, मधूनमधून वर्दी न देताही जावं; आणि जिल्ह्या-गावच्या अंमलदारांवर यासाठी विसंबू नये, कारण त्यांच्यामागे इतर कामांचा इतका व्याप असतो की शाळेकडे वळायला सवड नाही आणि वळले तरी तपासणी वरवरचीच होते, असा त्यांचा मुद्दा होता. निदान अचूक होतं. पण फुल्यांना बढतीची काळजी नव्हती, हे विसरू नये.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट काय सांगतं? एका विस्तार अधिकाऱ्याच्या पुढाकारानं तिथल्या शाळांत मुलं स्वतः शिकू लागली, भीती गेली, वाचन-गणित सुधारलं आणि ते पाहायला राज्यभरातून हजारो शिक्षक आले. म्हणजे शिडीच्या मधल्या पायरीवर उभं राहूनही मुलापर्यंत हात पोचतो. मग आमचं तत्त्व खोटं ठरलं की नाही? ठरलं असतं, जर खात्यानं कुमठ्यातून शिकायचं ते शिकलं असतं. तिथलं मर्म असं, की अधिकारी वर्गात बसत होता, शिक्षकाशी शिकवण्याबद्दल बोलत होता आणि पुन्हा येत होता. हे पत्रानं पाठवता येत नाही. पत्रानं पाठवता येतात त्या रंगवलेल्या फरशा. म्हणून जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर राज्यभर वर्गांच्या फरशांवर आकडे, अक्षरं आणि चौकोन उमटले, आणि किती शाळा ‘प्रगत’ झाल्या याचे तक्ते मागवले जाऊ लागले. काही ठिकाणी फरशीबरोबर शिकवणंही बदललं, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण जिथे बदललं नाही तिथला तक्ताही तितकाच भरलेला होता. अपवाद सापडला की त्याचा रकाना करायचा, ही खात्याची पचनशक्ती अफाट आहे.

तिसरी हरकत अधिकाऱ्यांच्या बाजूची. पदं रिकामी, एकेका प्रभारीकडे दोन-दोन तालुक्यांचा कार्यभार, सकाळी न्यायालयीन प्रकरण, दुपारी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), संध्याकाळी संघटनेचं शिष्टमंडळ. शाळेत जायचं कधी? हे खरं आहे, आणि व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अन्य अशैक्षणिक काम देऊ नये असं सांगितलं. अधिकाऱ्यासाठी असं कलम कुणी लिहिलंच नाही. त्यात धोरणांची धरसोड. २०२४-२५ मध्ये गणवेश राज्य पातळीवरून शिवून देण्याचं ठरलं, कापड उशिरा आलं, मापं चुकली, ओरड झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. ज्या अधिकाऱ्यानं आधी समितीचं महत्त्व सांगितलं, मग केंद्रीकरणाचे फायदे सांगितले, त्यालाच पुन्हा समितीचं महत्त्व सांगावं लागलं. मात्र एक गोष्ट पाहावी: व्हीसीला गैरहजर राहिल्यास नोटीस निघते. वर्षभर एकाही वर्गात पूर्ण तास न बसल्याबद्दल कुणाला कारणे दाखवा नोटीस निघाल्याचं सहसा ऐकिवात येत नाही. वेळ नसतो तो यामुळे. वेळ कशासाठी काढायचा हे वरून असं ठरलेलं असतं.

इतकं सांगूनही एखाद्या हट्टी उमेदवाराला उलट्या दिशेनं जायचंच असेल, तर त्याची कृती सोपी आहे, खर्च शून्य. महिन्यातून एक दिवस मोबाइल गाडीत ठेवून एका शाळेत जावं, कार्यालयाऐवजी वर्गात शिरावं आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाशेजारी बसून त्याच्या पाटीवर ५२ वजा २७ चं उत्तर किती आलं ते पाहावं. ३५ आलं असेल तर तिथेच थांबावं आणि शिक्षकाला विचारावं, काय मदत हवी. शेरेबहीत या भेटीसाठी रकाना नाही, तेव्हा नोंद कुठे करू, असं मार्गदर्शन मागवू नये.