बिनपगारी भूत

लॉस एंजेलिसमध्ये २००१पासून दर वर्षी ‘स्क्रीमफेस्ट’ भरतो. पदरमोड करून भयपट काढणाऱ्यांची ही जत्रा. इथलं भूत फार सोशिक. मानधन मागत नाही, व्हॅनिटी व्हॅन मागत नाही. मध्यरात्री बेडरूमचं दार वीतभर हलवलं की त्याची पाळी संपली. ओरेन पेली यांनी तर स्वतःच्याच घरात कॅमेरा लावून जेमतेम १५ हजार डॉलरांत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ उरकला. २००७मध्ये तो इथे झळकला, पुढे बड्या स्टुडिओनं उचलला आणि जगभरात १९ कोटी डॉलरांहून जास्त गल्ला जमला. तेव्हापासून खरे झपाटलेत ते निर्माते. कथा ऐकण्याआधीच विचारतात, ‘‘घर स्वतःचंच आहे ना?’’