निरोपाचा दंड सव्वा रुपया

धर्मासाठी परदेशवारीवर पाणी सोडणारे लोक दोन प्रकारचे. एक स्वतःच्या वारीवर सोडतात. दुसरे शेजाऱ्याच्या.

दुसऱ्यांचा सत्कार आधी होतो.

१८९३ साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. विवेकानंद गाजले, ते हेच व्यासपीठ. जैनांच्या बाजूने निमंत्रण होतं आचार्य विजयानंदसूरींना, म्हणजेच आत्मारामजी महाराजांना. एवढा मान त्या काळात कुणाच्या वाट्याला येतो? पण जैन साधू वाहनात पाय ठेवत नाही. त्याचा विहार पायी. आणि शिकागोला पायवाट जात नाही.

महाराज गेले नाहीत. पत्रक काढलं नाही, परिषदेच्या नावाने बोटंही मोडली नाहीत. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र लिहून काढली. ‘चिकागो प्रश्नोत्तर’ या नावाने ती पुढे पुस्तकरूपात आली. आणि आपल्याऐवजी वीरचंद राघवजी गांधी या एकोणतीस वर्षांच्या गृहस्थाला धाडलं. एल्फिन्स्टनचा पदवीधर, आहार शुद्ध शाकाहारी, डोक्यावर काठियावाडी पागोटं. तो अमेरिकेत बोलला, लोकांनी ऐकलं, पुढेही व्याख्यानं होत राहिली.

मग तो मुंबईला परतला. हारतुरे?

छे. समुद्र ओलांडला, धर्म बुडाला, काढा याला संघाबाहेर, अशी कर्मठांची ओरड!

ज्यांना निमंत्रण होतं, त्यांनी स्वतःच माणूस पाठवला होता. ज्यांना भायखळ्यालाही कुणी बोलावलं नसतं, ते शिकागोचा निकाल लावायला बसले.

मुंबईला याचा सराव होता म्हणा. १८८८ मध्ये मोहनदास नावाचे दुसरे गांधी विलायतेला निघाले. आईसमोर शपथ घेतलेली, मांस नाही, मद्य नाही, परस्त्री नाही. पण मोढ वाण्यांच्या पंचायतीला शपथेत रस नव्हता, बोटीत होता. शेठजींनी पोराला जातीबाहेर टाकलं. शिवाय जो कुणी मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड!

पाप जाणाऱ्याचं, पावती रुमाल हलवणाऱ्याची.

गांधी गेले ते गेलेच. १८९१ मध्ये परतल्यावर भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातलं. राजकोटला जातीला जेवणही दिलं. तीन वर्षांचं पाप एका डुबकीत आणि एका पंगतीत फिटलं. मग मुळात ते किती मोठं होतं?

आणि हे सगळं साध्या माणसांसाठी. राजेलोकांचा मामला वेगळा.

१९०२ मध्ये जयपूरचे महाराज माधोसिंग इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी लंडनला निघाले. परदेशचं पाणी कसं चालेल? मग जवळजवळ माणसाच्या उंचीचे चांदीचे घडे गंगाजलाने भरून बोटीवर चढवले. ते घडे आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आहेत, लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. राजाने ना लंडन सोडलं, ना गंगा. चांदी असली की धर्मसंकट बोटीत मावतं.

तेरापंथी जैनांनी त्यापेक्षा सरळ काम केलं. साधूंना विमान चालत नाही ना? आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण-समणींची नवी श्रेणी काढली. साधू आणि गृहस्थ यांच्या मधली पायरी, प्रवासाची मुभा असलेली. मला हे आवडतं. निदान खिडकीतून उडी मारण्याऐवजी त्यांनी भिंतीत रीतसर दार पाडलं.

आपल्याकडे आता सोडायची वेळच येत नाही. टूरवाले स्वित्झर्लंडमध्ये पिठलं वाढतात, कांदा-लसूण नको असेल तर तसं जेवण देतात. चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी दिवाळीनंतरच्या तारखाही असतात. माणूस आल्प्ससमोर बसून घरचंच जेवतो आणि परत येऊन जग पाहिल्याचं सांगतो.

तरीही प्रत्येक सोसायटीत एक काका असतात. आयुष्यभर युरोपचं स्वप्न पाहिलेले. निघायला आठवडा उरलेला असताना त्यांना कळतं, की विमानात शेजारचा प्रवासी मांसाहार करू शकतो. काका तत्त्वासाठी युरोप सोडतात. काकूंचाही. काकूंना कुणी विचारलं का? त्यांची बॅग तर महिनाभर भरून पडली होती.

मग गणेशोत्सवात शाल, श्रीफळ, ‘त्यागमूर्ती’ वगैरे. अध्यक्ष गहिवरतात. काका माइक सोडत नाहीत. काकू मागच्या रांगेत प्रसादाच्या पुड्या बांधतात.

तेवढ्यात खजिनदार हळूच विचारतो, “काका, तिकिटांचे पैसे बुडाले असतील ना?”

बुडतील कसे? प्रवास विमा होता. दाव्याच्या अर्जात कारण लिहिलंय : काकूंची गुडघेदुखी.