सारोंग : व्याख्या, व्याप्ती आणि घसरण

(रंगमंचावर मेज, पाण्याचा पेला आणि व्याख्याते. अंगात कोट, गळ्यात टाय, कमरेला चौकड्यांची सारोंग. डावा हात कमरेवर आहे. तो प्रयोगभर तेथून हलत नाही. प्रेक्षकांना प्रारंभी ही विद्वत्तेची ढब वाटावी.)

व्याख्याते : मलाय भाषेत 'सारुंग' म्हणजे म्यान किंवा खोळ, आणि साधारण मीटरभर रुंदीच्या लांब कापडाची दोन टोके एकमेकांना शिवून जी नळी होते तिला हे नाव पडले असल्यामुळे, इंडोनेशियात दिवेलागणीच्या सुमारास असंख्य सद्गृहस्थ म्यानबंद होतात असे म्हणणे शास्त्रशुद्ध ठरते. न शिवलेल्या कापडास 'काइन पांजांग', म्हणजे लांब कापड, म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावरचा पर्यटक दोहोंनाही सारोंगच म्हणतो, परंतु त्याच्या अंगावर वस्त्र आहे यातच अभ्यासकांनी समाधान मानावे.

नेसताना नळीत उभे राहून, जास्तीचे कापड एका बाजूस ताणून, त्याची घडी पोटावर आणून वरची कड बाहेरच्या बाजूस तीन-चार वेळा गुंडाळतात. नाडी नाही, बटण नाही, खिसा नाही. सगळा डोलारा त्या वळकटीवर आणि पोटाच्या घेरावर उभा असतो, त्यामुळे हे वस्त्र पन्नाशीच्या पुरुषास अधिक विश्वासाने धरून राहते.

(व्याख्यात्यांचे पोट सपाट आहे. सारोंग दोन बोटे खाली येते. ते पाणी पितात, उजव्या हाताने.)

चौकड्यांच्या सुती सारोंगला 'काइन पेलेकात' म्हणतात आणि हे नाव चेन्नईच्या उत्तरेकडील पुलिकत या जुन्या बंदरावरून आले आहे. तेव्हा हे चौकडे पाहून ज्या प्रेक्षकांना शेजारच्या काकांची लुंगी आठवली, त्यांनी नकळत सागरी व्यापाराच्या इतिहासात प्रवेश केला आहे.

उपयोगांच्या बाबतीत मात्र लुंगीने नम्र व्हावे. स्त्रिया हीच नळी काखेखाली खोचून आंघोळीला जातात, त्या पद्धतीस 'केंबान' म्हणतात. रात्रीची गस्त घालणारे पुरुष ती खांद्यांभोवती लपेटतात, आणि गस्त संपल्यावर, क्वचित त्याआधीही, पाय आत घेऊन कड डोक्यावरून ओढतात, ज्यायोगे डास आणि कर्तव्य दोन्ही बाहेर राहतात. मलेशियात ती स्प्रिंगला अडकवून टांगली की 'बुआयान' हा पाळणा होतो आणि बाळ वरखाली होत झोपी जाते. रमजानमध्ये मुले ती पिळून एकमेकांना झोडपतात, यास 'पेरांग सारुंग' म्हणजे सारोंगयुद्ध म्हणतात, आणि पिळाच्या टोकाला दगड बांधला गेला की तेथे पोलीस येतात. बालीत तर झाडांना आणि मूर्तींनाही काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे 'पोलेंग' कापड नेसवतात. झाडास घसरण्याची चिंता नसते.

(आणखी दोन बोटे. डाव्या हाताची मूठ वळते.)

दक्षिण सुलावेसीतील बुगिस लोकांत दोन पुरुष एकाच सारोंगमध्ये उभे राहून 'बादिक' नावाच्या खंजिराने द्वंद्व करीत, जे आता केवळ प्रयोगरूपाने दाखवतात. यात माघार घेण्यास जागाच नसे, आणि सारोंग न घसरण्याची जबाबदारी दोघांत विभागली जाई, ही सोय प्रस्तुत वक्त्यास आज उपलब्ध नाही.

प्रस्तुत वक्त्याच्या वेशास हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की 2019 ते 2024 या काळात इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले मारुफ अमीन कोट आणि सारोंग अशाच वेशात सरकारी समारंभांना जात, आणि पारंपरिक धार्मिक शाळांत शिकलेल्या त्यांच्यासारख्या मंडळींना तेथे 'काउम सारुंगान', म्हणजे सारोंगवाले, असेच म्हणतात.

(वळकटी सुटल्याचा भास. उजवा हातही कमरेवर येतो.)

नमस्कारास दोन हात लागतात. सबब तो झाला असे प्रेक्षकांनी समजावे, आणि प्रकाशयोजनाकाराने दिवे विनाविलंब मालवावेत.