शब्द फिरवलात, भरपाई द्या

‘तुमचं फायनल झालंय, राजीनामा टाका,’ असं एचआर फोनवर सांगतं. माणूस राजीनामा टाकतो. मग दुसरा फोन येतो : ‘वरून हायरिंग थांबवलंय. सॉरी.’ जुनी नोकरी सुटली, नवी मिळाली नाही, घराचा हप्ता मात्र पाच तारखेला जाणारच.

‘कागद नाही, म्हणजे काहीच करता येत नाही,’ हा समज चुकीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याला असा तोंडी करार चालतो. कलम ५ म्हणतं, प्रस्ताव मागे घ्यायचा तर समोरच्याने होकार कळवण्याआधी, नंतर नाही. पद, पगार, रुजू होण्याची तारीख ठरली आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तर करार झाला. तो मोडला की कलम ७३ खाली भरपाई मागता येते. दाव्याची मुदत तीन वर्षं. ‘मॅनेजमेंटची मंजुरी बाकी आहे’ असं आधीच सांगितलं असेल, तर मात्र बाजू लंगडी पडते.

अडचणी खऱ्या आहेत. तुम्ही रुजूच झाला नाहीत, म्हणून कामगार न्यायालय नाही. दिवाणी कोर्ट गाठायचं. कोर्ट पैसे देववील, नोकरी सहसा देववत नाही. ती रक्कमही बहुधा नोटीस पिरियडच्या पगाराभोवतीच फिरते. दरम्यान दुसरी नोकरी शोधत राहावं लागतं, नाहीतर भरपाई कापली जाते. आणि शब्द दिला होता, हे सिद्ध तुम्हीच करायचं.

म्हणून फोन ठेवताच मेल करा : ‘आज ठरल्याप्रमाणे हे पद, हा पगार, ही तारीख मला मान्य आहे.’ व्हॉट्सअ‍ॅप पुसू नका. लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. दिलाच असेल आणि नोटीस पिरियड चालू असेल, तर तो मागे घेत असल्याचं पत्र त्याच दिवशी द्या. नव्या कंपनीला वकिलाची नोटीस पाठवा.

पण सगळी सावधगिरी नोकरदारानेच का बाळगायची? तो नोटीस पिरियड न भरता गेला, तर कंपनी पगार कापते, रिलीव्हिंग लेटर अडवते. कंपनीने शब्द मोडला, तर तिचा एक रुपयाही आपोआप जात नाही. सरकारच्या नव्या कामगार संहितेने नियुक्तिपत्र सक्तीचं केलं, तेही कामावर घेतलेल्यांसाठी. राजीनामा देऊन मध्येच लटकलेल्याला त्यात जागा नाही. ती करा. ऑफर मागे घेणाऱ्या कंपनीने उमेदवाराला नोटीस पिरियडइतका पगार कोर्टाची पायरी न चढवता द्यावा, असं कायद्यातच लिहा.